फॅन एडिट

प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची बाजारात मिळणारी प्रत घेऊन तिच्यातील दृश्ये वगळून, मागेपुढे करून, ध्वनिपट्टी बदलून किंवा मूळ चित्रपटातून गाळलेली, पण अन्यत्र उपलब्ध झालेली दृश्ये जोडून एखाद्या चाहत्याने तयार केलेली नवी आवृत्ती. मराठीत तिला रूढ प्रतिशब्द नाही. ‘संपादन’ हा शब्द ग्रंथ व नियतकालिके यांच्यासाठी राखला गेला आहे; चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’ असे लिहितात. म्हणून या नोंदीत ‘पुनर्संकलन’ हा शब्द वापरला आहे. प्रेक्षकांत दुफळी माजवणारे मोठ्या खर्चाचे विज्ञानपट हे या प्रकाराचे मुख्य क्षेत्र होय. जॉर्ज लूकस यांच्या स्टार वॉर्स मालिकेतील द फँटम मेनस (१९९९) हे त्याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक हा धागा १९२० च्या दशकातील सोव्हिएट रशियापर्यंत मागे नेतात. परदेशी मूकपट तेथे प्रदर्शनापूर्वी कापून, संवाद-निवेदनाच्या नव्या पाट्या घालून ‘योग्य’ आशयाचे केले जात. संकलक एस्फिर शुब हिने हे काम वर्षानुवर्षे केले. १९२४ मध्ये फ्रिट्‌स लांग यांच्या डॉ. माबुझे या दोन भागांच्या चित्रपटाची तिने जी काटछाट केली, तीत पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेला सर्गेई आयझेनस्टाइन तिच्या मदतीला होता. तंत्राच्या दृष्टीने हे पुनर्संकलनच. परंतु ते सरकारी नोकरीचा भाग होते, चाहतेपणाचा त्यात संबंध नव्हता. दुसरे मत अमेरिकन कलावंत जोसेफ कॉर्नेल यास मान देते. ईस्ट ऑफ बोर्निओ (१९३१) या साहसपटाची प्रत घेऊन त्याने १९३६ मध्ये सुमारे १९ मिनिटांची रोझ हॉबर्ट ही कृती केली. नायिकेची दृश्ये तेवढी ठेवली, कथा जवळजवळ काढून टाकली आणि प्रक्षेपणाच्या वेळी निळी काच व ध्वनिमुद्रिका वापरली. येथे चाहतेपण निश्चित आहे, पण मूळ चित्रपट सुधारण्याचा हेतू नाही. तिसरे मत १९७५ च्या सुमारास स्टार ट्रेक मालिकेच्या स्लाइड गाण्यावर बसवण्यापासून सुरू झालेल्या प्रथेकडे बोट दाखवते. ती प्रथा मुख्यतः स्त्री चाहत्यांनी जोपासली आणि आजच्या चाहता-व्हिडिओंची ती पूर्वज आहे, यात शंका नाही. मात्र तिचे माप गाण्याएवढे, पूर्ण लांबीच्या चित्रपटाएवढे नव्हे.

पूर्ण लांबी, बिगरव्यावसायिक हेतू आणि मूळ चित्रपटातील दोष दूर करण्याचा घोषित उद्देश या तीन कसोट्या एकत्र लावल्यास द फँटम मेनसच्या द फँटम एडिट या आवृत्तीपासून या प्रकाराचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ती २०००–०१ च्या सुमारास व्हीएचएस कॅसेटींवर हातोहात फिरू लागली. कर्ता अज्ञात होता. काही काळ दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांचे नाव घेतले गेले व त्यांनी ते नाकारले. पुढे लॉस अँजेलिस परिसरातील व्यावसायिक संकलक माइक जे. निकल्स याने २००१ मध्ये हे काम आपले असल्याचे सांगितले. तिची लांबी वेगवेगळ्या नोंदींत थोडी वेगळी आढळते. मूळ १३३ मिनिटांतून सुमारे १८ ते २० मिनिटे कमी झाली, असे म्हणता येईल. लूकसफिल्मची सुरुवातीची भूमिका सौम्य होती. प्रती पैसे घेऊन विकल्या जाऊ लागल्यावर ती कडक झाली.

काय बदलते : प्रचलित समज असा, की या आवृत्तीने जार जार बिंक्स हे विनोदी पात्र काढून टाकले. तसे झालेले नाही, आणि होऊही शकत नाही. गंगन लोकांच्या पाण्याखालील नगरीची वाट तोच दाखवतो, शेवटच्या युतीची बोलणीही त्याच्यामुळे होतात आणि बहुतेक चौकटींत (फ्रेममध्ये) तो प्रमुख पात्रांच्या शेजारी उभा असतो. कापता येतात ते त्याचे जोडविनोद : प्रसंग संपल्यावर राहिलेले अडखळणे, ओरडणे, जीभ बाहेर काढणे. प्रत्येक जागी दीड-दोन सेकंद एवढेच; पण ती गेली, की आधीच्या संवादाचे गांभीर्य टिकते. कथेतील बालवयीन मुलगा अॅनाकिन याच्या आनंदोद्गारांचेही तसेच. शेवटच्या अवकाशयुद्धात तो चुकून शत्रूच्या जहाजात शिरतो आणि चुकूनच ते उडवतो. ‘अरेच्चा’ छापाचे उद्गार व तोंड दिसणारे शॉट वगळले, तर तीच कृती हेतुपुरस्सर वाटू लागते. एकही नवी चौकट न घालता पात्र बदलण्याचे हे चांगले उदाहरण होय.

अवघड भाग अखेरच्या लढाईचा. तेथे चार धागे आलटून पालटून येतात : मैदानावरील गंगन सेना, राजवाड्यातील राणी पद्मे, अवकाशातील अॅनाकिन आणि खलनायक डार्थ मॉलशी तलवारयुद्ध. मूळ चित्रपटाचे संकलन पॉल मार्टिन स्मिथ व बेन बर्ट यांचे. कच्ची जुळणी पाहिल्यावर, दीड मिनिटाच्या आत प्रेक्षक शोकाकडून विनोदाकडे आणि पुन्हा विजयाकडे फेकला जातो, अशी शंका खुद्द बर्ट यांनी व्यक्त केल्याचे निर्मितीविषयक माहितीपटात दिसते. पुनर्संकलक येथे धागे कमी वेळा छेदतात : तलवारयुद्धाचे तुकडे लांब ठेवतात आणि त्या युद्धात पडणाऱ्या योद्धा क्वाय-गॉनच्या मृत्यूला लागून गंगनांची फजिती येणार नाही, एवढे पाहतात. यातून लांबी फारशी घटत नाही. किती मिनिटे कापली यावरून पुनर्संकलनाचा दर्जा ठरवणे त्यामुळेच फसवे आहे.

अॅनाकिनच्या वाहनशर्यतीचा प्रसंग सोपा वाटतो, तसा तो नाही. तीन फेऱ्यांपैकी एक उडवायची, तर समालोचक फेरीचा उल्लेख करतात, अॅनाकिनचा क्रमांक मध्येच बदलतो आणि मोडलेले वाहन पुन्हा धड दिसू लागते. शिवाय २००१ च्या डीव्हीडीत हाच प्रसंग वाढवलेला असल्याने तिची लांबी १३६ मिनिटे आहे. घरी केलेल्या कापयादीचे टाइमकोड (चौकटीची वेळ दाखवणारे आकडे) व्हीएचएसशी जुळत नाहीत, त्याचे हे एक कारण. मिडिक्लोरियन, म्हणजे गूढ शक्तीचा संबंध पेशींतील सूक्ष्मजीवांशी जोडणारी जीवशास्त्रीय कल्पना, ज्यांना नको असते, त्यांना तीन जागा एकदम सांभाळाव्या लागतात : रक्तचाचणी, जेडाय योद्ध्यांच्या परिषदेतील निवेदन व मुलाने विचारलेला प्रश्न. पहिली कापून दुसरी ठेवली, की परिषद कशाबद्दल बोलते आहे हेच कळत नाही.

कार्यपद्धती : ब्लू-रे डिस्कवरील चित्र सहसा २३.९७६ चौकटी प्रतिसेकंद या वेगाचे असते व त्यात लगतच्या चौकटींतील फरक तेवढा साठवलेला असतो. म्हणून ते थेट कापत नाहीत. प्रथम प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवणाऱ्या मध्यस्थ स्वरूपात रूपांतर करतात. १०८० रेषांचे प्रोरेस ४२२ एचक्यू हे असे मध्यस्थ स्वरूप सेकंदाला सुमारे १७६ मेगाबिट घेते. १३३ मिनिटांच्या चित्रपटाला १७५ जीबीच्या आसपास जागा लागते, कामाच्या प्रती धरून किमान दुप्पट मोकळी ठेवावी. प्रकल्पाचा वेग चुकून २४ ठेवला, तर चित्र व ध्वनी यांत हजारात एक एवढा फरक पडतो आणि चित्रपटाच्या शेवटी ओठ व आवाज जवळजवळ ८ सेकंदांनी सुटलेले असतात. युरोपीय डीव्हीडी २५ चौकटींची असल्याने चार टक्के वेगवान असते, स्वरही सुमारे पाऊण अर्धस्वर चढतो. तिच्यातील एखादे दृश्य जोडायचे, तर आधी ते संथ करून घ्यावे लागते.

पुनर्संकलन फसते ते बहुधा चित्रात नव्हे, ध्वनीत. ५.१ ध्वनिपट्टीत (समोर तीन, मागे दोन व खर्जाची एक अशा वेगळ्या पट्ट्यांच्या ध्वनीत) संवाद प्रामुख्याने समोरच्या मधल्या पट्टीत असतात. ती क्षणभर बंद केली, की नको असलेले वाक्य जाते आणि संगीत उरते, असे नवखा संकलक समजतो. प्रत्यक्षात पावलांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज आणि संगीताचा काही अंशही त्याच पट्टीत असतो. तेथे खड्डा पडतो. उलट त्याच वाक्याचा घुमारा बाजूच्या व मागच्या पट्ट्यांत राहतो व भूत बोलल्यासारखे ऐकू येते. उपाय असा : खड्ड्यात त्याच प्रसंगातील संवादरहित जागेचा आवाज भरणे आणि दोन्ही टोकांना १२ ते २४ चौकटींचा ध्वनिमिश्रणाचा उतार देणे. साध्या कापालाही दोन-तीन चौकटींचा उतार हवाच, नाहीतर ‘टक्’ ऐकू येते. आवाज वेगळे करणारी अलीकडची यंत्रशिक्षणावर आधारलेली साधने घुमाराही बरीचशी काढतात, मात्र मागे पाण्यातून आल्यासारखा कंप सोडतात. मोठ्या वाद्यवृंदाखाली तो झाकतो, शांत दृश्यात झाकत नाही. द फँटम एडिट प्रथम फिरू लागली, तेव्हा मूळ चित्रपटाची डीव्हीडी बाजारात आलेली नव्हती आणि व्हीएचएसवर फक्त स्टिरिओ होता. त्या परिस्थितीत संगीत परवानगी देईल तेथेच कापणे भाग होते, हे तिचे मूल्यमापन करताना सहसा विसरले जाते.

संगीत कापताना आवर्तन मोजतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन २ सेकंदांचे, म्हणजे ४८ चौकटींचे. काप ४८ च्या पटीत बसला, तर श्रोत्याला कळत नाही. पाच चौकटी चुकल्या, तरी कान ठेचकाळतो. चित्र कोठे कापायचे ते आधी ठरवून मग संगीत ओढूनताणून बसवण्यापेक्षा संगीताची सोयीची जागा आधी शोधून चित्र तिच्याजवळ आणणे श्रेयस्कर. ध्वनी चित्राच्या आधी किंवा नंतर कापला, तर जोड आणखी लपतो.

स्टार वॉर्सपुरती एक खास अडचण म्हणजे ‘वाइप’. या मालिकेत एक प्रसंग सरकत्या रेषेने दुसऱ्यात जातो. त्या साधारण सेकंदभरात दोन्ही प्रसंगांची चित्रे एकाच चौकटीत असतात; मधला प्रसंग काढला, तरी त्याचा अर्धा तुकडा मागे राहतो. वाइपच्या आधीच्या स्वच्छ चौकटी पुरेशा असतील, तर नवा वाइप बनवतात. नसतील, तर शेवटची चौकट गोठवून तिच्यावर फिल्मचे दाणे पुन्हा घालतात, अन्यथा स्थिरपणा लगेच उघडा पडतो. आरंभीचा सरकता मजकूर बदलण्याची प्रथा द फँटम एडिटपासूनच आहे. तो संपूर्ण नव्याने बनवावा लागतो, कारण मूळ अक्षरे ताऱ्यांवर छापलेली असतात.

वाढीव पुनर्संकलन : सर्वच चाहते कापत नाहीत. डेव्हिड लिंच यांचा ड्यून (१९८४) १३७ मिनिटांचा व समजायला कठीण ठरला. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी सुमारे तीन तासांची आवृत्ती निघाली. तिच्यावरून लिंच यांनी आपले नाव काढून घेतले व ‘अॅलन स्मिथी’ हे टोपणनाव आले. या दोन्हींतून सुसंगत कथा जुळवणाऱ्या चाहत्यांच्या आवृत्त्या प्रसिद्ध आहेत. अडचण अशी, की दूरचित्रवाणीसाठीच्या काही दृश्यांवर दृश्यपरिणामांचे काम झालेच नव्हते. फ्रेमेन या वाळवंटवासी लोकांचे निळे असायला हवेत असे डोळे तेथे साधे दिसतात आणि चौकटीगणिक रंगवावे लागतात. वाढवण्याच्या कामात मालमसाला कधीच एका दर्जाचा नसतो. ४८० रेषांच्या डीव्हीडीवरील गाळलेले दृश्य १०८० रेषांच्या चित्राशेजारी ठेवले, की मोठे करूनही मऊ दिसते. तेव्हा भोवतालचे शॉट किंचित मऊ करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

मूळ १९७७ चा स्टार वॉर्स १९९७ च्या बदलांपूर्वीच्या रूपात परत उभा करण्याचे प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या याच घराण्यातले, परंतु उद्देशाने जीर्णोद्धार होत. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

मर्यादा : जे चित्रित झाले नाही, ते संकलनातून येत नाही. द फँटम मेनसमधील राजकीय करवादाचा संदर्भ छाटता येतो, स्पष्ट करता येत नाही. चीड हाच हेतू असला, की काय होते याचे उदाहरण याच मालिकेतील द लास्ट जेडाय (२०१७) च्या जानेवारी २०१८ मधील आवृत्तीत मिळते : १५२ मिनिटांच्या चित्रपटातून स्त्री पात्रे शक्य तेवढी काढल्यावर सुमारे ४६ मिनिटे उरली आणि कथेचा धागाच तुटला. दिग्दर्शक व कलाकारांनी तिची थट्टा केली.

व्यावसायिकही या खेळात उतरले आहेत. अभिनेता टोफर ग्रेस याने स्टार वॉर्सच्या पूर्वकथेच्या तीन चित्रपटांचा ८५ मिनिटांचा एकच चित्रपट करून २०१२ मध्ये निमंत्रितांना दाखवला. स्टीव्हन सोडरबर्ग यांनी २००१ : अ स्पेस ओडिसीची ११० मिनिटांची आवृत्ती २०१५ मध्ये खुली केली व हक्कधारकांच्या विनंतीवरून मागे घेतली. अश्लील वा हिंसक भाग कापून चित्रपट विकणाऱ्या कंपन्यांविरुद्ध २००६ मध्ये कोलोरॅडोत लागलेल्या निकालात दिग्दर्शकांच्या बाजूने सोडरबर्ग यांचेच नाव होते, हा योगायोग गमतीचा आहे.

कायदा : अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार डिस्कवरील संरक्षक कुलूप तोडणे हेच बेकायदा ठरू शकते, बिगरव्यावसायिक व्हिडिओंना मिळणारी सूट छोट्या अंशांपुरती आहे. मूळ प्रत विकत घेतलेली असावी व नव्या प्रतीचे पैसे घेऊ नयेत, हे चाहत्यांतील संकेत कायदेशीर ढाल नव्हेत. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार कर्त्याला आपल्या कृतीच्या प्रतिष्ठाहानिकारक विकृतीविरुद्ध दाद मागता येते आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक संरक्षण मोडण्याविषयी आहे. परंतु या अधिनियमात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. २०२५ मध्ये रांझणा या हिंदी चित्रपटाच्या तमिळ आवृत्तीचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून ती पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा बदल करणारी कंपनी हक्कधारक होती आणि हरकत घेणारे दिग्दर्शक आनंद एल. राय होते. त्या आवृत्तीला अर्थातच फॅन एडिट म्हणता येत नाही.