कार्बनी चुंबकीय पदार्थांतील इलेक्ट्रॉन स्पिन

कार्बनी रेणूंतील एकट्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, त्यांचे एकमेकांशी जुळणे आणि इलेक्ट्रॉनिक साधनांत माहिती वाहून नेण्यासाठी त्यांचा उपयोग, असा हा विषय आहे. पाठ्यपुस्तकांतला शब्द ‘परिवलन’. बोलताना मात्र सर्रास ‘स्पिन’च म्हणतात, आणि ते बरेच आहे. परिवलन म्हटले की भोवरा डोळ्यांपुढे येतो, इलेक्ट्रॉन तसा फिरत नसतो. स्पिन हा त्याचा अंगभूत गुण असून मोजताना त्याच्या दोनच दिशा मिळतात.

बहुतेक कार्बनी रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. जोडीतले स्पिन परस्परविरुद्ध असल्याने चुंबकत्व उरत नाही. एखादा इलेक्ट्रॉन एकटा राहिला की तो रेणू ‘मुक्त मूलक’ होतो. डीपीपीएच या कार्बनी संयुगाची गर्द जांभळी पूड त्याचे उत्तम उदाहरण. भौतिकशास्त्रात तिच्यावर इलेक्ट्रॉन स्पिन अनुस्पंदनाचा प्रयोग करतात, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकटे इलेक्ट्रॉन सूक्ष्मतरंग शोषतात तो संकेत टिपतात. अन्नतंत्रज्ञानात तिच्याच द्रावणाने अँटिऑक्सिडंट मोजतात. कोल्हापुरी गुळाचा अर्क त्यात घातला की जांभळा रंग उतरून पिवळा होऊ लागतो. एकट्या इलेक्ट्रॉनाला जोडीदार मिळालेला असतो आणि त्याबरोबर अनुस्पंदनाचा संकेतही मावळतो. मूलकांपासून चुंबक घडवणे अवघड का, हे या एका परीक्षानळीत दिसते.

मूलक नुसता टिकून भागत नाही, शेजारच्या रेणूंचे स्पिनही एका दिशेला वळावे लागतात. धातूचा एकही अणू नसलेला पहिला लोहचुंबकी पदार्थ जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये नोंदवला. पण त्याचे चुंबकत्व ०.६ केल्विनच्या, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसच्याही खालीच टिकते. त्याच वर्षी अमेरिकेत व्हॅनेडियम हा धातू आणि टेट्रासायनोएथिलीन हा कार्बनी रेणू यांचा चुंबक तयार झाला आणि तो खोलीच्या तापमानालाही चुंबकच राहिला. त्यात व्हॅनेडियमजवळ तीन एकटे इलेक्ट्रॉन, तर साधारण दोन कार्बनी रेणूंजवळ प्रत्येकी एक उलट दिशेचा. वजाबाकीत एक उरतो, त्यावर सारे चुंबकत्व उभे असते. कोल्हापूरच्या ओतशाळांना परिचित असलेले लोखंड शुद्ध रूपात १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. व्हॅनेडियमच्या या चुंबकाचा पातळ थर मात्र शंभर अंशांखाली बसवता येतो. हवा लागली की तो खराब होतो, ही मोठी अडचण.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) फेराइट, म्हणजे लोहाची चुंबकीय ऑक्साइडे, आणि पातळ थरांवर काम होत आले आहे. फेराइटमध्ये स्पिन लोहाच्या अणूंवर बसलेले असतात. कार्बनी पदार्थात चुंबकाइतकेच महत्त्व स्पिनच्या वाहतुकीला आहे. कार्बन हलका असल्याने स्पिन आणि इलेक्ट्रॉनाची कक्षा यांची सांगड क्षीण राहते, म्हणून स्पिनची दिशा मायक्रोसेकंदांपर्यंतही टिकू शकते. धातूंत ती याच्या कितीतरी आधी हरवते. पण केवळ या टिकाऊपणावर भाळणे चूक आहे. कार्बनी थरात इलेक्ट्रॉन रेणूवरून रेणूवर उड्या मारत संथ जातो. वेळ भरपूर मिळूनही अंतर जेमतेम काही दशक नॅनोमीटर कापले जाते. २००४ मध्ये अमेरिकेत अल्क्यू३ या कार्बनी संयुगाचा थर दोन चुंबकीय विद्युतअग्रांमध्ये ठेवून स्पिन-झडप तयार केली गेली. अग्रांच्या चुंबकत्वाची दिशा बदलली की अशा झडपेचा विद्युतरोध बदलतो. तिचा परिणाम थंडीत ठळक होता, तापमान वाढले की तो घटत जाई.

स्पिनची दिशा बिघडवणारा मुख्य घटक हायड्रोजन आहे. कार्बन-१२ च्या अणुकेंद्राला स्पिन नसतो, हायड्रोजनच्या अणुकेंद्राला असतो, आणि त्याच्या लहानशा चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनाचा स्पिन भरकटतो. २०१० मध्ये एका बहुवारिकातील (पॉलिमरमधील) हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम हा त्याचाच जड, पण अणुकेंद्राचे चुंबकत्व क्षीण असलेला प्रकार घातला, तेव्हा स्पिन अधिक काळ टिकला.