लेव्हलला साजेसा खजिना: हा हिशोब आला कुठून?

तापीकाठचं थाळनेर म्हणजे फारुकी सुलतानांचं सुरुवातीचं ठाणं. तिथल्या किल्ल्याखाली भुयार आणि भुयारात खजिना, ही कल्पना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पनारम्य भूमिका-खेळ खेळवणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही डीएमला (खेळाच्या सूत्रधाराला) सुचेल. अडतं ते पुढं: तिसऱ्या लेव्हलच्या, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीवरच्या, चौघा पात्रांच्या हाती त्यातलं किती लागू द्यायचं?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला तेव्हा गणित उलटं होतं. खजिन्यावरून लेव्हल ठरायची. एक सोन्याचं नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक एक्सपी, म्हणजे अनुभवाचा गुण; ते साठले की लेव्हल चढे. पुढच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत ऑर्क हा राक्षस मारून जेमतेम १५ एक्सपी मिळत आणि फायटरला (लढवय्या पात्राला) दुसऱ्या लेव्हलसाठी २,००१ लागत. त्यामुळं मारामारी टाळून पोती उचलणारा शहाणा ठरे. पोती उचलणंही सोपं नव्हतं. दहा नाण्यांचं वजन एक पाउंड, म्हणजे २,००० नाण्यांचे ९० किलो झाले. वर चढताना प्रशिक्षणाचा खर्च वेगळा: आठवड्याला लेव्हलगणिक १,५०० नाणी. आलेलं सोनं असं आपोआप जिरायचं.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत नाण्यांचा एक्सपी ऐच्छिक झाला. सोनं मिळतच राहिलं, त्याचं काम मात्र गेलं. हात सैल सोडणाऱ्या डीएमच्या खेळाला 'मॉन्टी हॉल' म्हणून आधीपासूनच हिणवत. हे नाव अमेरिकी टीव्हीवरच्या बक्षिसांच्या कार्यक्रमाच्या सूत्रधाराचं.

कुठल्या लेव्हलला किती मालमत्ता हवी याचा खरा तक्ता आला २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. दुसऱ्या लेव्हलला माणशी ९०० नाण्यांची मालमत्ता, तिसऱ्याला २,७००, चौथ्याला ५,४००, दहाव्याला ४९,०००. गफलत होते ती हा आकडा वाटपाचा समजल्यामुळं. तो हाती उरलेल्या मालाचा आहे. तिसऱ्या लेव्हलमधून चौथ्या लेव्हलला जाताना चौघांची मालमत्ता १०,८०० नाण्यांनी वाढायला हवी. त्या लेव्हलच्या एका चकमकीचा सरासरी खजिना ९००, आणि लेव्हल चढायला साधारण तेरा चकमकी, म्हणजे वाटप १२,०००च्या आसपास जातं. मधली तूट औषधी काढे आणि मंत्रांच्या गुंडाळ्या खातात. त्या देणंच विसरलं तर गट तक्त्याच्या पुढं पळतो.

दुसरी चूक महागडी. जादूच्या हत्याराची किंमत त्याच्या बोनसच्या (+१, +२ अशा वाढीव ताकदीच्या) वर्गाला २,०००नं गुणून निघते: +१ ला २,०००, +३ ला १८,०००. तिसऱ्या लेव्हलच्या एकाला +३ तलवार दिली की डीएम तिच्या तोडीचे राक्षस आणतो, आणि मरतात बाकीचे तिघं.

चौथ्या आवृत्तीनं (२००८) हे पार मापात बसवलं. लेव्हलमागे खजिन्याचे दहा वाटे, म्हणजे 'पार्सल', त्यातल्या चार जादूच्या वस्तू, गटाच्या लेव्हलपेक्षा एक ते चार पायऱ्या वरच्या. वस्तू विकली तर किमतीचा पाचवा हिस्सा हाती. जळगावच्या सराफ बाजारात मोडीला एवढी घट कुणी धरली तर गिऱ्हाईक पायरी उतरून जाईल.

पाचवीनं (२०१४) दोर पुन्हा सैल केला. पहिल्या चार लेव्हलभर मिळून मोठ्या खजिन्याच्या तक्त्यावर सात वेळा फासे, प्रत्येक वेळी सरासरी १९६ सोन्याच्या नाण्यांएवढी रोकड, रत्नं आणि जादू वेगळी. एका पात्राला स्वतःशी जुळवून घेता येतील अशा जादूच्या वस्तू एका वेळी तीनच. जादूच्या वस्तूंना मात्र २०२४पर्यंत पक्का भाव नव्हता, म्हणून थैल्या भरत आणि खर्चायला काही सापडत नसे. त्यामुळं काही डीएम जुना 'नाण्याला एक्सपी' नियम परत लावतात. तो लावताना एक्सपीचा तक्ताही जुनाच घ्यावा लागतो. पाचवीत दुसरी लेव्हल ३०० एक्सपीलाच येते. २,००० नाण्यांची एक पेटी चौघांत वाटली की सगळे एका रात्रीत वर.