रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कार

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल या व्यावसायिक स्पर्धेत दरवर्षी एका खेळाडूला त्याच्या समाजकार्याबद्दल दिला जाणारा सन्मान. मैदानावरील कामगिरीसाठी या लीगमध्ये बरेच पुरस्कार आहेत. हा मात्र चारित्र्य, दानशूरपणा आणि आपल्या लोकांसाठी केलेले काम पाहून दिला जातो, आणि खेळाडूंमध्ये त्याचा मान फार मोठा आहे. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटाचे खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे (१९३४–१९७२) यांचे नाव त्याला आहे.

पुरस्काराची सुरुवात १९७१ मध्ये झाली तेव्हा त्याचे नाव नुसते ‘कमिशनर्स अवॉर्ड’ (कमिशनर म्हणजे लीगचे प्रमुख) असे होते. पहिला मान विली मेज यांना मिळाला. क्लेमेंटे यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये, तत्कालीन कमिशनर बोवी कून यांनी त्याला क्लेमेंटे यांचे नाव दिले. तेव्हापासून या पुरस्काराची कसोटीही बदलली असे म्हणायला हरकत नाही. क्लेमेंटे भूकंपग्रस्तांना मदत नुसती पाठवून थांबले नाहीत, ते मदतीसोबत स्वतः गेले. त्यामुळे नंतरच्या प्रत्येक मानकऱ्याचे काम नकळत त्याच मापाने मोजले जाते.

क्लेमेंटे यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिकोतील कॅरोलिना येथे झाला. सात भावंडांत ते धाकटे. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम होते. १९५५ पासून सलग अठरा हंगाम ते पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच संघाकडून राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या, दूरच्या भागात) खेळले. चार वेळा फलंदाजीचे अजिंक्यपद, क्षेत्ररक्षणासाठीचे बारा ‘गोल्ड ग्लोव्ह’ पुरस्कार, १९६६ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब आणि १९६० व १९७१ अशा दोन वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम विजेतेपद मालिका) त्यांच्या नावावर आहेत. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी ३,००० वा हिट (फलंदाजाला तळापर्यंत पोहोचवणारा यशस्वी फटका) मारला आणि साखळी सामन्यांतला त्यांचा आकडा तिथेच थांबला.

एवढे असूनही अमेरिकी वर्तमानपत्रे त्यांचे इंग्रजी मुद्दाम मोडक्या उच्चारांत छापत. खेळाडूंची चित्रे असलेल्या बेसबॉल कार्डांवर त्यांचे नाव परस्पर ‘बॉब’ करून टाकले होते. आपण रॉबर्टो आहोत हे ते सांगत राहिले. १९७१ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत बोलण्याआधी त्यांनी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) प्रेक्षकांच्या पिढ्यांना त्यांच्या हिटइतकीच ही काही वाक्येही आठवतात. हंगाम संपला की ते मायदेशी परतत आणि मुलांसाठी प्रशिक्षण शिबिरे घेत.

१९७२ च्या नोव्हेंबरमध्ये हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेसाठी पोर्तो रिकोच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ते निकाराग्वाची राजधानी मानाग्वा येथे गेले होते. तिथून परतून काही आठवडेच झाले असताना, २३ डिसेंबर रोजी, मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि हजारो माणसे दगावली. क्लेमेंटे यांनी पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनमध्ये मदत गोळा करायला सुरुवात केली. विमाने रवाना होऊ लागली, पण निकाराग्वाच्या सोमोसा या हुकूमशाही राजवटीचे सैनिक माल मध्येच हडप करत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आपण स्वतः सोबत असलो तर तो लोकांपर्यंत पोहोचेल, असे त्यांना वाटले. ३१ डिसेंबरच्या रात्री ते एका जुन्या डीसी-७ मालवाहू विमानात चढले. विमानात क्षमतेपेक्षा जास्त वजन होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते ईस्ला वेर्देच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळले. विमानातील पाचही जण गेले. क्लेमेंटे यांचा मृतदेह मिळालाच नाही. त्यांचे संघसहकारी मॅनी सांगियेन स्मृतिसभेला न जाता पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्यांचा शोध घेत होते.

बेसबॉलमधील थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम आहे. तो बाजूला ठेवून १९७३ मध्येच क्लेमेंटे यांची निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले लॅटिन अमेरिकी खेळाडू.

पुरस्काराच्या निवडीत लीगमधील तीसही संघ आपापला एकेक उमेदवार सुचवतात. अंतिम निवड समितीकडे असते; चाहत्यांच्या मतदानाचाही त्यात वाटा असतो. निकाल बहुधा वर्ल्ड सिरीजच्या दिवसांत जाहीर होतो.

गंमत अशी की लॅटिनो खेळाडूचे नाव लागलेल्या या पुरस्काराच्या यादीत लॅटिनो नावे बराच काळ जवळजवळ नव्हतीच. पनामाचे रॉड कॅरू यांना तो १९७७ मध्ये मिळाला. त्यानंतर थेट १९९८ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकचे सॅमी सोसा. चित्र पालटले ते २००४ मध्ये, पोर्तो रिकोत वाढलेल्या एडगर मार्टिनेझ यांच्यापासून. पुढे कार्लोस डेल्गाडो (२००६), आल्बर्ट पुहोल्स (२००८), डेव्हिड ऑर्टिझ (२०११) आणि कार्लोस बेल्ट्रान (२०१३) असे दहा वर्षांत पाच लॅटिनो मानकरी झाले. पुहोल्स यांचे काम डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी आहे, ऑर्टिझ यांचे हृदयरोग असलेल्या गरीब मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी. बेल्ट्रान यांनी पोर्तो रिकोत बेसबॉलबरोबर शालेय शिक्षणही देणारी अकादमी काढली.

२०१८ चे मानकरी यादिएर मोलिना यांनी मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोत मदतकार्य उभे केले होते. २०१९ मध्ये व्हेनेझुएलाचे कार्लोस कारास्को यांना रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचार घेऊन त्याच हंगामात ते मैदानावर परतले आणि त्याच वर्षी हा पुरस्कारही त्यांना मिळाला. २०२१ चे मानकरी नेल्सन क्रूझ यांचे काम तर एखाद्या कर्तबगार सरपंचाला शोभेल असे आहे. लास मातास दे सांता क्रूझ या आपल्या डोमिनिकन गावाला त्यांनी अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिका मिळवून दिली, आणि दातांचे व डोळ्यांचे डॉक्टर गावात आणून तपासणी शिबिरे भरवली. २०२४ चा मान व्हेनेझुएलाचेच साल्वाडोर पेरेझ यांना मिळाला.

लीगमध्ये २००२ पासून ‘रॉबर्टो क्लेमेंटे दिन’ पाळला जातो. आता तो १५ सप्टेंबरला असतो. अमेरिकेतील हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक वारशाच्या लोकांच्या) वारसा महिन्याची सुरुवातही याच दिवशी होते. क्लेमेंटे यांच्या पाठीवरचा २१ क्रमांक पायरेट्सने १९७३ मध्येच निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असे ठरवले. या दिवशी मात्र इतर संघांचे खेळाडूही तो मानाने घालतात. २०२२ च्या क्लेमेंटे दिनी टँपा बे रेज संघाने नऊच्या नऊ लॅटिन अमेरिकी फलंदाज उतरवले, आणि सगळ्यांच्या पाठीवर २१ होता. लीगच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. सर्व खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो असलेला पहिला संघ पायरेट्सने १ सप्टेंबर १९७१ रोजी उतरवला होता. त्यात तिसऱ्या क्रमांकावर खुद्द क्लेमेंटे होते.

पुरस्काराच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. तो त्या वेळच्या कामाबद्दल असतो, आयुष्यभराच्या वर्तनाची हमी नसते: १९७६ चे मानकरी पीट रोज पुढे १९८९ मध्ये सट्टेबाजीमुळे बेसबॉलमधून हद्दपार झाले. ज्यांच्यामागे मोठा करार आणि स्वतःची संस्था आहे, त्यांचे काम साहजिकच लवकर नजरेत भरते. शिवाय हा मान खेळाडूंपुरताच आहे. कॅरिबियन गावांतल्या मैदानांवर मुलांच्या हातात पहिली बॅट देणारे प्रशिक्षक त्याच्या कक्षेत येत नाहीत. क्लेमेंटे यांना कॅरोलिनात मुलांसाठी क्रीडानगरी उभारायची होती. त्यांच्या पश्चात ‘सिउदाद देपोर्तिव्हा’ या नावाने ती उभी राहिली, आणि पत्नी व्हेरा यांनी वर्षानुवर्षे ती सांभाळली. व्हेरा यांचे २०१९ मध्ये निधन झाले.