गर्भपाताचा कायदा आणि त्यामागचे न बोललेले हेतू

भारतात गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ साली फारशा गदारोळाविना मंजूर झाला. अमेरिकेत ज्या प्रश्नावर निवडणुका लढवल्या जातात तो आपल्या संसदेने सहज निकालात काढला, याचं कौतुक अजूनही होतं. पण तेव्हा वाद का पेटला नाही, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने आईचा जीव वाचवण्याखेरीज केलेला गर्भपात गुन्हा ठरवला. कलम ३१२ खाली खुद्द त्या स्त्रीलाही शिक्षा होती. समाजातही भाषा भ्रूणहत्येच्या पातकाची, पण नजर विधवेवर. केशवपन केलेली, पुनर्विवाह नाकारलेली बाई गरोदर राहिली की घराण्याची अब्रू आधी आठवे. मग गुपचूप गर्भ पाडणं, नाहीतर जन्मलेलं मूल मारणं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते यासाठीच. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे ती शिक्षा कमी झाली). त्यानंतर साऱ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला तो या संतापातून. बाळाच्या जिवाची खरी कळकळ असती, तर त्याच मंडळींनी विधवाविवाहाला इतका विरोध केला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

स्वातंत्र्यानंतर कारण बदललं. १९६४ मध्ये केंद्रीय कुटुंब नियोजन मंडळाच्या शिफारशीवरून एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. १९६६ च्या अहवालात समितीने देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात घडवून आणले जात असावेत, असा अंदाज मांडला. वैदूच्या, सुईणीच्या हातून जाणारे जीव वाचवणं हा हेतू सांगितला. लोकसंख्या रोखण्याचा हेतू नाकारला. समितीतल्या डॉक्टरांची तळमळ खोटी नव्हती. पण कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणाचा, धान्यटंचाईचा तो काळ होता, आणि १९६९ मध्ये विधेयक संसदेत आलं तेव्हा केंद्रात आरोग्य व कुटुंब नियोजन खात्याचे राज्यमंत्री होते श्रीपती चंद्रशेखर, पेशाने लोकसंख्याशास्त्रज्ञ.

कायद्याचा मजकूरच लोकसंख्येचा हा हेतू उघड करतो. मूळ कायद्यात विवाहित स्त्रीचं किंवा तिच्या पतीचं मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेलं साधन फसलं, तर त्या गरोदरपणाचा तिच्या मनाला गंभीर त्रास होतो असं गृहीत धरलं होतं. अविवाहितेसाठी असं गृहीतक नव्हतं. प्रश्न निव्वळ आरोग्याचा असता तर लग्नाची अट कशाला लागली असती? निर्णयही बाईचा नव्हताच: १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० पर्यंत दोघांचं.

सत्तरच्या दशकात गर्भाचं लिंग सांगू शकणारी गर्भजल परीक्षा आली आणि मुलाच्या आशेपायी चार-पाच बाळंतपणं होण्यापेक्षा मुलीचा गर्भ पाडणं बरं, असं समर्थन काही डॉक्टर करू लागले. लोकसंख्येचा मुद्दा आता मुलगी नकोशी असण्यावर पांघरूण घालायला कामी आला. मुंबईतल्या स्त्री-कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी लढा दिल्यावर १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. मग कारवाईची लाट आली, आणि तिच्या धाकाने अनेक डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळू लागले. मुली वाचवायला निघालेली मोहीम बायकांवरच पाळत ठेवू लागली, याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे.

२०२१ च्या दुरुस्तीत ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीने दिलेल्या २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असं सांगितलं. डॉक्टरच्या मताची अट मात्र अजून आहे. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती १९७१ पासून कायद्याला पुरेशी आहे, तरी कित्येक दवाखान्यांत आजही नवऱ्याची सही मागतात. कारण विचारलं तर ‘नियम आहे’ म्हणतात. असा नियम नाही. सासरचे भांडायला येतील ही भीती आहे.