नाउ यू सी हिम

‘कोलंबो’ या अमेरिकन पोलीस-तपास मालिकेच्या पाचव्या पर्वातला एक भाग. एनबीसी वाहिनीवर २९ फेब्रुवारी १९७६ रोजी दाखवला गेला. लेखन मायकल स्लोन यांचे, दिग्दर्शन हार्वी हार्ट यांचे. लॉस एंजेलिसमधल्या जादूच्या एका क्लबात खून होतो आणि खुनी खुद्द तिथला मुख्य जादूगार असतो. या भागाची चर्चा होते ती त्यातल्या जादूमुळे आणि तितकीच त्याच्या कथानकातल्या कच्च्या दुव्यांमुळे. हे दोन विषय वरवर वेगळे दिसले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण प्रयोगातली मेख झाकायला जादूगार जे करतो तेच पटकथाकाराने स्वतःच्या अडचणी झाकायला केले आहे.

मालिकेच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे खून कोणी केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दिसते. ‘ग्रेट सँटिनी’ (जॅक कॅसिडी) हा मूळचा श्टेफान म्यूलर, नाझी छळछावणीवरचा एसएस (नाझी पक्षाचे सशस्त्र दल) पहारेकरी. क्लबचा मालक जेसी जेरोम (निहेमाया पर्सॉफ) याला ते ठाऊक आहे आणि त्या जोरावर तो सँटिनीची कमाई लाटतो. सँटिनीचा गाजलेला खेळ असा: त्याला पेटीत कोंडून ती पेटी पाण्याच्या टाकीत सोडायची. प्रत्यक्षात पेटी पाण्यात जाण्याआधीच तो चोरदरवाजातून रंगमंचाखाली उतरलेला असतो. त्या रात्री तो वेटरचा पोशाख चढवतो, मुदपाकखान्यातून वर जातो, जेरोमच्या कचेरीचे कुलूप किल्लीशिवाय उघडतो, त्याला गोळी घालतो आणि परततो.

या योजनेतला सर्वांत हुशार भाग म्हणजे तिचे दोन थर. सर्वसाधारण प्रेक्षकाच्या लेखी सँटिनी टाकीत होता. जो थोडा विचार करील त्याला कळेल की टाकीत कोणी नसतेच. मग सँटिनी नाइलाज झाल्यासारखा मान्य करतो की आपण तळघरातल्या खोलीत होतो, आणि वेटरने दाराबाहेरून आपला आवाज ऐकला आहे. तो आवाज मात्र बिनतारी यंत्रातून आलेला असतो. जादूगारांच्या धंद्यात ही जुनी युक्ती आहे. प्रेक्षकाला एक खोटा उलगडा मुद्दाम सापडू द्यायचा. ‘कळलं मला’ म्हणून तो खूश झाला की पुढचे खोदत नाही. त्यातच जादूगाराने गुपित फोडायचे नाही हा धंद्याचा नियम सँटिनीला ढालीसारखा उपयोगी पडतो. पोलिसाला उत्तर नाकारण्याचे इतके प्रतिष्ठित कारण दुसऱ्या कुठल्या व्यवसायात क्वचितच मिळेल.

आता कच्चे दुवे. पहिला मुदपाकखान्यातला. गणवेशातल्या माणसाकडे कोणी पाहत नाही हे गृहीतक गिऱ्हाइकांच्या बाबतीत खरे. पण स्वयंपाकी आणि वेटर एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. अनोळखी वेटर घाईच्या वेळी आत येतो आणि कोणी हटकत नाही, हे पचायला जड जाते. तो अनोळखी इसम तर क्लबातला सर्वांत ओळखीचा चेहरा! दुसरा दुवा जेरोमचा. महिन्याच्या महिन्याला पैसा देणारा माणूस हातचा घालवून तो परदेशी नागरिकांच्या खात्याला सँटिनीची खरी ओळख कळवणारे पत्र टाइप करायला बसतो, ते केवळ सँटिनी अडून बसला म्हणून. धाकापुरते पत्र दाखवणे शहाणपणाचे झाले असते.

तिसरा दुवा मुळातला आणि त्यामुळे सहसा लक्षात न येणारा. ज्याला तोंड लपवायचे आहे तो रोज रात्री झगझगीत प्रकाशात उभा का राहील, आपली छबी भिंतींवर का लावून घेईल? शिवाय कॅसिडीचा जन्म १९२७ चा. पात्राचे वय नटाएवढेच धरले तर युद्ध संपले तेव्हा म्यूलर जेमतेम अठरा वर्षांचा होता. भीती मात्र खोटी नव्हती. छावण्यांवर पहारेकरी राहिलेल्या हर्मीन ब्राउनश्टायनर-रायन हिला अमेरिकेने १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हवाली केले होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ती गृहिणी म्हणून राहत होती. भाग प्रसारित झाला तेव्हा ही घटना सुमारे अडीच वर्षांपूर्वीची होती, त्यामुळे खुनाचा हेतू त्या काळच्या प्रेक्षकाला ओढूनताणून आणलेला वाटला नसणार.

चौथा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण तो फारसा टिकत नाही. खुनाचा तपास करणारा लेफ्टनंट कोलंबो भर प्रयोगात रंगमंचावर चढतो आणि सँटिनीला आपण आणलेल्या बेड्या घालतो. सँटिनी त्या उघडतो आणि कुलपे उघडण्यातले आपले कसब स्वतःच सिद्ध करून देतो. न उघडण्याचे सोंग का नाही केले? कारण समोर प्रेक्षक आहेत. १७ मार्च १९०४ रोजी लंडनच्या हिपोड्रोम नाट्यगृहात सुटकेच्या खेळांसाठी गाजलेल्या हुडिनी या जादूगारापुढे ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने खास बेड्या ठेवल्या, तेव्हा तो तासाहून अधिक वेळ झगडला आणि सुटूनच बाहेर आला. हरलेल्या सुटका-कलावंताचे पुढे काय होते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. सँटिनीपुढे फास आणि फजिती यांतली निवड होती आणि त्याने फास पत्करला. याला कथानकातला दोष म्हणता येणार नाही. स्वभावचित्रण म्हणून तो भागातला उत्तम क्षण आहे.

उलगड्याची किल्ली टाइपरायटरच्या फितीत आहे. कापडी फीत मागेपुढे फिरते, अक्षरांवर अक्षरे उमटतात आणि काही वाचता येत नाही. त्या काळी नव्या असलेल्या विजेवरच्या यंत्रांतली कार्बन फीत एकदाच वापरायची असते. प्रत्येक ठोक्याला कोरा तुकडा पुढे येतो आणि उडालेल्या शाईच्या जागी अक्षराचा आकार राहतो. शब्दांमधली जागा सोडताना फीत सरकत नसल्याने मजकूर सलग अक्षरांच्या माळेसारखा मिळतो, तो तोडून वाचावा लागतो. सँटिनी पत्र घेऊन जातो, फीत तशीच राहते. कार्यालयीन यंत्रांशी संबंध नसलेल्या माणसाची ही चूक पूर्ण विश्वसनीय आहे. या फितीचे वैशिष्ट्य कोलंबोच्याही ध्यानात येत नाही. ते त्याला सार्जंट विल्सन (बॉब डिशी) दाखवून देतो. याच विल्सनचे नाव १९७२ च्या ‘द ग्रीनहाउस जंगल’ या भागात फ्रेडरिक होते, इथे ते जॉन जे. झाले आहे, मालिकेच्या चाहत्यांना ही गंमत तोंडपाठ असते. कोलंबोचा कळकट रेनकोटही या भागात बराच वेळ दिसत नाही. बायकोने दिलेला नवा कोट त्याला नकोसा झालेला असतो आणि तो हरवावा म्हणून तो नाना खटपटी करतो.

फितीवरून मिळालेले पत्र नेमके काय सिद्ध करते? हेतू, एवढेच. सँटिनी त्या मजल्यावर होता, गोळी त्याने घातली, यांचा थेट पुरावा त्यात नाही. बचावाचा वकील पहिल्याच दिवशी हे बोलला असता. भागातले सर्वांत मोठे भगदाड हेच, आणि नेमके इथेच पटकथा हातचलाखी करते. सँटिनी पत्र आगीच्या झोतात नाहीसे करतो. कोलंबो तेच पत्र पुन्हा काढून दाखवतो, मग आणखी प्रती. गबाळा पोलीस जादूगारालाच जादू दाखवतो याची गंमत इतकी आहे की खटल्याचे काय होणार हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येत नाही. लक्ष दुसरीकडे वळवण्याचा याहून स्वच्छ नमुना मालिकेत सापडणे अवघड. मालिकेचे निर्माते रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे दोघे शाळकरी वयापासून जादूचे शौकीन होते, हे इथे लक्षात घ्यावे.

कॅसिडीने मालिकेत खुन्याची भूमिका तीनदा केली: १९७१, १९७४ आणि या भागात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात घराला लागलेल्या आगीत त्याचा मृत्यू झाला.

मालिका १९८९ मध्ये एबीसी वाहिनीवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिला भाग पुन्हा जादूचाच निघाला. ‘कोलंबो गोज टू द गिलोटिन’ हा तो भाग ६ फेब्रुवारी रोजी आला. त्यात अतींद्रिय शक्तीचा दावा करणारा एलियट ब्लेक (अँथनी अँड्रूज) हा भोंदूंचे पितळ उघडे पाडणाऱ्या जादूगाराला त्याच्याच गिलोटिनखाली (वरून पाते सोडून मान छाटणारे यंत्र) मारतो. मानेभोवतीच्या पट्टीवर ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ अशा खुणा असतात. शेवटी कोलंबो स्वतः पात्याखाली मान देतो, ब्लेक त्याला मारायला पाते सोडतो आणि काहीच होत नाही, कारण खुणा आधीच बदललेल्या असतात. १९७६ च्या भागातली उणीव इथे भरून निघते: पुरावा म्हणून खुनाचा दुसरा प्रयत्नच हाती येतो. मात्र त्यासाठी एका अनुभवी लेफ्टनंटला, जवळपास साक्षीदार नसताना, संशयिताच्या हाती स्वतःची मान द्यावी लागते, आणि कुठल्याही पोलीस खात्यात या कामगिरीबद्दल शाबासकीऐवजी चौकशीच वाट्याला आली असती.