तिशी उलटली म्हणून जर्सी काढायची का?

१९६६ ची वर्ल्ड कप फायनल, वेम्बली, इंग्लंड आणि वेस्ट जर्मनी. त्या मॅचचे फोटो नेटवर ढिगानं पडलेत, पण एकदा बॉल सोडून नुसती मागची पब्लिक बघा. कोट, टाय, छातीला रिबिनीचे बिल्ले, गळ्यात मफलर, कुणाच्या हातात कडकडं वाजवायचं खुळखुळं. इंग्लंडचा कॅप्टन बॉबी मूर, त्याच्या टीमनं घातलेला तो लाल शर्ट मात्र प्रेक्षकांत शोधूनही दिसायचा नाही. ज्या इंग्लंडात आज "चाळिशीच्या बाप्यानं जर्सी घालावी का" यावर दर सीझनला वाद होतात तिथं तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण प्रेक्षकानं खेळाडूचा शर्ट घालायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

डोक्यात घातलं ते अॅडमिरल नावाच्या कंपनीनं. लेस्टरशायरमधली ही मंडळी, आधी बनियन-चड्ड्यांच्या धंद्यात होती. सत्तरच्या दशकात त्यांनी मॅनेजर डॉन रेव्हीच्या लीड्स क्लबला धरलं, १९७४ मध्ये इंग्लंडच्या टीमलाही. त्यांचं डोकं असं की साधा पांढरा शर्ट कुणीही शिवून विकेल, पण त्यावर आपल्या पट्ट्या आणि आपला लोगो टाकला तर तो डिझाइन म्हणून आपलाच राहतो, मग त्याची नक्कल पोरांना विकता येते. पोरांना, बरं का. रेप्लिका किटचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी मुलगा आणि खिशात हात घालणारी त्याची आई. मोठ्यांच्या मापाचा बाजार खरा फुगला तो पुढं ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदीत, आणि १९९३-९४ पासून प्रीमियर लीगमध्ये पाठीवर नाव आणि कायमचा नंबर आल्यावर तर विचारूच नका. पैसा इतका झाला की २००३ मध्ये तिथल्या स्पर्धा-नियामकानं शर्टांच्या किमती आपसात ठरवून ठेवल्या म्हणून दुकानदार, उत्पादक आणि खुद्द मँचेस्टर युनायटेड अशा सगळ्यांना मिळून १.८६ कोटी पाउंडांचा दंड ठोकला.

तेव्हा "हे पोरासोरांचं कापड आहे" हा टोमणा अगदीच हवेतला नाही, त्याला इतिहास आहे. पण इतिहास म्हणजे विज्ञान नव्हे. माणूस कुणाच्या तरी टीमचे कपडे अंगावर का घालतो आणि घातल्यावर नेमकं काय होतं यावर पन्नासेक वर्षं लोकं डोकं लावतायत.

सुरुवात रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापासून करावी लागते. १९७६ चा त्याचा पेपर, अमेरिकेतल्या सात युनिव्हर्सिट्या, आणि फुटबॉल तिकडचा, हेल्मेटवाला, पण माणसं तीच. दर सोमवारी वर्गात किती पोरांनी आपल्या युनिव्हर्सिटीचं नाव असलेले कपडे घातलेत ते गुपचूप मोजायचं, एवढंच काम. शनिवारी टीम जिंकलेली असली की सोमवारी आकडा वर, हरली की खाली. इथवर कुणीही म्हणेल की यात काय नवीन. खरी गंमत फोनवाल्या भागात आहे. विद्यार्थ्यांना फोन करून कॅम्पसबद्दलच्या माहितीचे सहा प्रश्न विचारले, मग काहींना सांगितलं तुम्ही मस्त केलंत आणि काहींना सांगितलं फारच वाईट केलंत (दोन्ही खोटंच), आणि मग सहज विचारल्यासारखं केलं की अमक्या मॅचचं काय झालं हो. ज्यांना "वाईट केलंत" ऐकायला मिळालं होतं ते जिंकलेल्या मॅचबद्दल बोलताना "आपण जिंकलो" जास्त म्हणायला लागले आणि न जिंकलेल्या मॅचबद्दल बोलताना "आपण" बरंच कमी. ज्यांची पाठ थोपटली होती त्यांच्यात असा फरक जेमतेम. म्हणजे स्वतःला खरचटलं की माणूस दुसऱ्याच्या विजयाचं मलम लावतो. ऑफिसात बॉसनं झापलेल्या दिवशी संध्याकाळी लाल जर्सी चढवून बसणारा पस्तिशीचा माणूस पोरकटपणा करत नसतो, त्याची ती त्या दिवसाची मलमपट्टी असते, आणि खरं बघायला गेलं तर शाळकरी पोरापेक्षा त्याला तिची गरज जास्त.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, अंगातही उतरतं. १९९४ च्या वर्ल्ड कप फायनलला, ब्राझील-इटली, पेनल्टीवर गेलेली ती, टीव्हीवर मॅच बघणाऱ्या दोन्हीकडच्या फॅन पुरुषांची लाळ मॅचच्या आधी आणि नंतर तपासली होती. ब्राझीलवाल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढलेलं, इटलीवाल्यांचं उतरलेलं, आणि पळालं कोणीच नव्हतं, सगळे बसून होते. सँपल छोटं होतं म्हणून फार ताणू नका, पण पुढं २०१४ च्या वर्ल्ड कपला ब्राझिलियन फॅन्सचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं तेव्हाही टीमशी ज्यांचं नातं सगळ्यात घट्ट त्यांचा ताण सगळ्यात जास्त निघाला. जर्मनीकडून ७-१ खाल्ले तो वर्ल्ड कप, त्यामुळं बिचाऱ्यांना निमित्तही तगडं होतं.

आता जर्सीचा खरा प्रयोग. इंग्लंडातली लँकेस्टर युनिव्हर्सिटी, मार्क लेव्हिन आणि मंडळी, २००५ चा पेपर. मँचेस्टर युनायटेडचे फॅन असलेली पोरं निवडली, त्यांच्याकडून आपल्या क्लबबद्दल लिहून घेतलं आणि मग सांगितलं की आता पलीकडच्या इमारतीत जाऊन एक व्हिडिओ बघायचाय. वाटेत एक जॉगर पळत येतो, घसरतो, पडतो आणि घोटा धरून कळवळायला लागतो. जॉगर अर्थात प्रयोगवाल्यांचाच. कधी त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट, कधी त्यांच्या कट्टर दुश्मनाचा म्हणजे लिव्हरपूलचा, कधी साधा. युनायटेडचा शर्ट असताना १३ पैकी १२ जण मदतीला थांबले. लिव्हरपूलचा असताना १० पैकी ३. साधा असताना १२ पैकी ४. विव्हळणं तेच, घोटा तोच, बदललं फक्त पॉलिस्टर.

इथं थांबलं तर "बघा, फुटबॉलवाले असेच" म्हणून मोकळं होता येतं आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट इथंच थांबवतात. पण त्यांनी पुन्हा प्रयोग केला, पुन्हा युनायटेडचेच फॅन, फक्त या वेळी क्लबबद्दल न लिहायला लावता फुटबॉलचा फॅन असण्यातलं चांगलं काय यावर लिहायला लावलं. निकाल असा की युनायटेडच्या शर्टाला १० पैकी ८, लिव्हरपूलच्या शर्टाला १० पैकी ७, आणि साध्या शर्टवाल्याला ९ पैकी २. म्हणजे मघाशी जो दुश्मन होता तो पाच मिनिटांच्या लिखाणानं आपल्यातला झाला, आणि बाहेर राहिला तो ज्याच्या अंगात कुठलीच जर्सी नाही. माणसं थोडीच होती, तेव्हा आकडे ब्रह्मवाक्य म्हणून घेऊ नका, पण दिशा मला फार बोलकी वाटते. जर्सी ही घालणाऱ्याची वस्तू आपण समजतो, ती असते वाचणाऱ्याची. समोरच्याच्या डोक्यात त्या क्षणी कुठला गट जागा आहे त्यावर तुमचा शर्ट दोस्तीचा की दुश्मनीचा ते ठरतं. आणि वाचणारा तुमचं वय नाही बघत, रंग बघतो. वयाचा हिशोब करतात ते ज्यांना तो रंग वाचताच येत नाही, कारण त्यांना दिसतो फक्त एक पोट सुटलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव.

आता उलटी बाजू, कारण कट्टर लोकं यावर हसतील. इंग्लंडात सत्तरच्या शेवटापासून जी कॅज्युअल नावाची जमात निघाली, त्यातल्या लिव्हरपूलवाल्यांनी युरोपात मॅचला जाता जाता तिकडचे भारी स्पोर्ट्स शूज आणि टी-शर्ट आणले, ते क्लबचे रंग मुद्दाम टाळायचे. एक कारण पोलीस, रंग नसला की गर्दीत ओळखू येत नाही. इटलीतले अल्ट्राज, म्हणजे तिथले कट्टर फॅन-ग्रुपवाले, तेसुद्धा दुकानातल्या जर्सीपेक्षा स्वतःच्या ग्रुपचा मफलर आणि जॅकेट मिरवतात. यामागचं कोडं जीवशास्त्रातल्या एका कल्पनेनं बऱ्यापैकी सुटतं. इस्रायलच्या अमोत्झ झहावीनं १९७५ मध्ये मांडलं की इशारा खरा वाटायचा असेल तर तो देणाऱ्याला महागात पडायला हवा, मोराचा पिसारा पडतो तसा. जर्सी महाग असली तरी तो महागपणा फक्त पैशाचा आहे, कार्ड घासलं की कुणालाही मिळते, काल फॅन झालेल्यालाही. वीस वर्षं पावसात उभं राहून मिळवलेली ओळख तिच्यातून दिसत नाही, म्हणून जुनी खोडं ती घालतच नाहीत. २०१० मध्ये युनायटेडच्या फॅन्सनी मालक ग्लेझर कुटुंबाच्या विरोधात हिरवे-सोनेरी मफलर घातले, क्लबचं जुनं रूप न्यूटन हीथ, त्याचे ते रंग. एसी मिलानकडून युनायटेडच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर खेळायला आलेल्या त्यांच्या जुन्या खेळाडूनं, बेकहॅमनंही मॅचनंतर तो मफलर गळ्यात घातला. लाल जर्सी घेतली असती तर पैसे मालकाच्याच गल्ल्यात. तेव्हा जर्सी न घालणं हाही इशाराच.

आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. ब्रिटनमध्ये मुलांच्या मापाच्या जर्सीवर जुगाराच्या कंपन्यांचा लोगो चालत नाही, मोठ्यांच्या मापावर चालतो. म्हणजे मोठ्या माणसानं जर्सी घालण्यावर खरा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो हा, की तुम्ही पदरचे पैसे देऊन बेटिंगच्या साइटचा चालता-बोलता बोर्ड होताय. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ सीझन संपेपर्यंत छातीवरचे असले लोगो काढायचे. छातीवरचे म्हटलंय, बाही तशीच.

"जर्सी घातली की अंगात एनर्जी येते" वगैरे जे बोललं जातं त्याबद्दल जरा हात आखडता घ्या. २०१२ मध्ये एक गाजलेला पेपर आला होता, डॉक्टरचा कोट आहे असं सांगून कोट घालायला दिला की माणसाचं लक्ष सुधारतं म्हणे. पुढं २०१९ मध्ये त्यातला एक प्रयोग जास्त लोकांवर नीट करून बघितला तर तो परिणाम सापडलाच नाही. तेव्हा मेस्सीच्या जर्सीनं तुमचा डावा पाय सुधारायचा नाही.

मग आपल्याकडं काय? डॅनियल वॅन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं फॅन लोकांवर आयुष्य घालवलंय, त्याचं म्हणणं असं की टीमशी नातं असणाऱ्या माणसाला एकटेपणा कमी जाणवतो, पण हा फायदा मुख्यतः गावातल्या टीमचा, कारण पानटपरीवर, बसमध्ये, सगळीकडे त्याच टीमची माणसं भेटत राहतात. लांबच्या टीमच्या फॅनला तो मिळतो तो आपल्यासारखे चार जण सोबत असतील तेवढ्यापुरता. कोल्हापूरकरांना हे शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा या तालमी-मंडळांच्या टीमच्या मॅचला पेठाच्या पेठा उठून येतात आणि तिथं साठीच्या आजोबांच्या अंगात तालमीची जर्सी असली तरी वय कुणी काढत नाही. फातोर्ड्याला एफसी गोवाच्या नारिंगी गर्दीतही तेच. पुण्या-मुंबईत लिव्हरपूल नाहीतर आर्सेनलची जर्सी घालून रात्री साडेबाराची मॅच घरी एकट्यानं बघणाऱ्याला मात्र वॅनच्या हिशोबानं जर्सीचा फारसा उपयोग नाही, तीच जर्सी घालून चार जणांत जाऊन बसला तर आहे. म्हणून मी तरी म्हणेन घाला, बिनधास्त घाला, पण जिथं ती वाचणारी माणसं आहेत तिथं. चुलतभावाच्या साखरपुड्याला कशाला?

राहिलं शरीर, म्हणजे माप आणि घाम. कंपन्या दोन प्रकार विकतात, प्लेयर व्हर्जन आणि फॅन व्हर्जन. २०२४ च्या युरो कप स्पर्धेला इंग्लंडचं प्लेयर व्हर्जन जवळपास १२५ पाउंडांना होतं, फॅन व्हर्जन ८५ च्या आसपास. चाळीस पाउंड जास्त देऊन मिळतं काय, तर खेळाडूच्या अंगाला चिकटणारा कट, ज्याची तुम्हाला गरज नाही. २००० च्या युरोत काप्पा कंपनीनं इटलीला असा तंग, ताणणारा शर्ट दिला होता की कुणी ओढला तर तो लांबच लांब ताणला जाऊन रेफ्रीला दिसावा. सोफ्यावर बसलेल्याचा शर्ट कोण ओढणारे?

कापड म्हणजे पॉलिस्टर. कापूस साधारण हवेत आपल्या वजनाच्या सातेक टक्के पाणी धरून बसतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि तिथं वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आता मुंबईच्या हवेत तो वाळणार कधी, हा वेगळा प्रश्न, अंधेरीच्या स्टेडियमवर बसलेल्यांना विचारा. आणि वास. बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना जोरदार सायकलिंग करायला लावून त्यांचे टी-शर्ट दुसऱ्या दिवशी हुंगवले, पॉलिस्टरचे कॉटनपेक्षा जास्त घाण वास मारत होते, कारण मायक्रोकॉकस जातीच्या बॅक्टेरियांना पॉलिस्टर भलतंच मानवतं. शिवाय घामातला तेलकट भाग पॉलिस्टर घट्ट धरून ठेवतं, म्हणून धुतलेली जर्सीही घातल्यावर दहा मिनिटांत पुन्हा बोलायला लागते.

तेव्हा मॅच झाली की ती बॅगेत कोंबून ठेवू नका, लगेच वाऱ्यावर टाका. धुताना उलटी करून, थंड किंवा कोमट पाण्यात, कारण नाव-नंबर उष्णतेनं चिकटवलेले असतात आणि उष्णतेनंच सुटतात, इस्त्री तर त्यावरून अजिबात फिरवायची नाही. सॉफ्टनर नको, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम सरकायचा थांबतो. आणि उगाच रोज धुवू नका. प्लिमथ युनिव्हर्सिटीनं २०१६ मध्ये मोजलं तेव्हा सहा किलो पॉलिस्टरच्या एका धुण्यातून जवळजवळ पाच लाख बारीक तंतू पाण्यात जाऊ शकतात असा हिशोब निघाला होता.