वापसा आल्याशिवाय परसबाग नाही

आमच्या घरामागची जागा दहा फूट बाय वीस फूट. सांगलीत बहुतेक घरांमागे असते तशीच काळीभोर माती. पहिल्या वर्षी परतीचा पाऊस थांबला आणि दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घेऊन उतरले. माती चपलांना किलोकिलोनं चिकटत होती, तरी उकरली, वाफे पाडले, मेथी पेरली. आठवड्यात ढेकळांच्या विटा झाल्या. मेथी कुठंकुठं उगवली आणि पिवळी पडून बसली. पलूसकडे शेती करणारे मामा आले होते. त्यांनी एक ढेकूळ उचलून अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, वापसा यायच्या आधीच कुदळ लावलीस की!"

वापसा हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी रोज असतो, आणि माझ्या मते परसबागेचं अर्धं विज्ञान त्यातच आहे. मातीच्या कणांमध्ये बारीक आणि मोठ्या अशा दोन्ही पोकळ्या असतात. पाऊस पडला की सगळ्या भरतात. मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं, तिथं हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते. ही स्थिती म्हणजे वापसा. मुळांना पाणी लागतं तसा ऑक्सिजनही लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे माती तुडुंब भिजलेली असली की मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून भर ओल्या वाफ्यातलं वांगंही दुपारी मान टाकतं. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आणि आपण आणखी एक बादली ओततो.

काळ्या मातीत हे जास्त घडतं, कारण ती बेसाल्टचा खडक झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती अतिसूक्ष्म पापुद्र्यांची बनलेली असते. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, माती फुगते आणि मोठ्या पोकळ्या दाबून बंद होतात. मे महिन्यात तीच माती आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती तुडवली किंवा खणली, तर पापुद्रे एकमेकांवर लिंपले जातात आणि वाळल्यावर वीट होते. माझी मेथी याच विटांखाली अडकली होती. आता मी चार-पाच बोटं खालची मूठभर माती घेऊन लाडू वळते आणि कमरेच्या उंचीवरून सोडते. लाडू चपटा झाला तर थांबायचं, फुटून विखुरला तर कामाला लागायचं.

उपाय दोन. पहिला म्हणजे उंच वाफा. चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. उंची आठ-दहा इंच. दुसरा उपाय म्हणजे सेंद्रिय खत, तेही दरवर्षी. कुजलेल्या पदार्थातले चिकट घटक मातीचे कण रव्यासारखे बांधतात आणि त्या रव्यांच्या मधे पुन्हा हवा खेळते. चार पाट्या वाळू टाकून हे होत नाही. कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनीला हे देणं नदीकडूनच मिळालेलं आहे. गाळाची ती माती हलकी, निचऱ्याची असते, आणि तिथल्या वांग्यांचं नाव उगीच झालेलं नाही.

आपल्या भागात उसाचं पाचट हवं तेवढं मिळतं, आणि ते शेतात पेटवलेलं पाहिलं की जीव हळहळतो. परसबागेत त्याचं तीन-चार इंचांचं आच्छादन घाला. ओल टिकते, भेगा पडत नाहीत. फक्त ते कच्चं मातीत मिसळू नका. पाचटात कार्बन फार आणि नायट्रोजन अगदी थोडा, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू मातीतला नायट्रोजन स्वतःसाठी उचलतात आणि भाजी उपाशी राहते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भरगच्च वाफ्यातून हिवाळ्यात रोज साधारण चार मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे १०० चौरस फुटांना ३७ लिटर, अडीच बादल्या. मे महिन्यात जवळजवळ दुप्पट. काळ्या मातीत हे रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदम द्यावं, मधे वापसा येऊ द्यावा.

पाणी बोअरचं असेल तर मात्र जपा. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांत क्षारपड झालेल्या जमिनी आपण पाहतोच. परसातही तेच लहान प्रमाणात घडतं, वाफ्याच्या कडेला पांढरी पापडी येते. माझा घेवडा असाच गेला, पानांच्या कडा करपत करपत. घेवड्याला क्षार मुळीच सोसत नाहीत, बीट मात्र त्याच पाण्यावर येतं. पावसाचं पाणी हे क्षार धुऊन खाली नेतं, पण निचरा असेल तरच.

कढीपत्त्याची नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर युरिया टाकू नका. त्या मातीवर लिंबू पिळून पाहा. फसफसली तर चुनखडी आहे. बेसाल्टच्या मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीत ते अडकून पडतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (लोहाचं सल्फेट) विरघळवून पानांवर फवारलं की नवी पानं हिरवी येतात.

मसाल्याची आणि औषधी झाडं ओलीच्या हिशेबानं लावा. पुदिना नळाजवळ, तोही कुंडीत, नाहीतर त्याचे धुमारे सगळा वाफा गिळतात. ओव्याचं पान जाडसर, पाणी साठवणारं, म्हणून ते वाफ्याच्या सगळ्यात उंच कडेला.

वेलांचा मांडव मात्र उत्तरेला घाला. डिसेंबरात सांगलीत भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे ५० अंशांवर असतो, आणि दहा फुटी मांडवाची सावली उत्तरेला साडेआठ फूट पडते. टोमॅटो, वांगी त्या सावलीत सापडली तर नुसती पानं वाढतात. मेथी-पालकाला तीन-चार तास ऊन पुरतं.

आमच्या मांडवावर दोडका आहे. त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, तोवर मधमाश्या परतलेल्या असतात. मग मी नर फूल तोडते, पाकळ्या मागे दुमडते आणि मादी फुलावर हलकेच टेकवते. मादी फूल ओळखायला अवघड नाही, त्याच्यामागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच असतो.